एकास चोवीस

आमच्या कार्यालयातील टेबलाचा उजवा कोपरा धर्मग्रामाच्या कामाला कधीच मोकळा सापडत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, विवाहाचे अर्ज, देणग्यांच्या पावत्या हा सारा संसार डाव्या हाताला. उजव्या हाताला मात्र पॉलिश पेपरचे कपटे, दोन चिमटे, एक जुनी नखकात्री, रंगाच्या बाटल्या आणि बहुधा चाके नसलेली एखादी मोटार. मोटार म्हणजे तळहातावर मावणारी. मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला आलेल्या एका मातोश्रींनी ती पाहून, "फादर, भाच्याचं खेळणं दुरुस्त करताय वाटतं?" असे कौतुकाने विचारले होते. आम्ही "हो" म्हणालो. धर्मगुरूने असत्य बोलू नये हे खरे. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाने 'हे आम्ही स्वतःसाठीच करतो' असे सांगणे त्या क्षणी फारच अवघड वाटले. असत्याचा विषय ह्या लेखात पुढे यायचाच आहे, म्हणून ही लहानशी कबुली आरंभीच देऊन ठेवतो.

ज्या वाचकांना हा छंद परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे विवरण आवश्यक आहे. खऱ्या मोटारीची मापे घेऊन तिची प्रमाणशीर लहान प्रतिकृती घरी जोडता यावी म्हणून तिचे शंभराच्या आसपास सुटे भाग प्लास्टिकमध्ये ओतून पेटीत घालून विकतात. हे भाग चौकटीला बारीक काड्यांनी चिकटलेले असतात, जणू देठाला लागलेल्या कैऱ्या. ते देठापासून तोडायचे, तोडल्याची खूण घासून नाहीशी करायची, जोडायचे आणि रंगवायचे. जोडण्यासाठी जो द्रव वापरतात तो आपल्या डिंकासारखा नव्हे. तो प्लास्टिकलाच किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होऊन जातात; चूक झाली तर सोडवून घेण्याची सोय नाही. मोटारींसाठी एकास चोवीस हे प्रमाण पुष्कळ चालते. खऱ्या गाडीचा एक फूट तो येथे अर्धा इंच.

ह्या उद्योगाचा उगम मुलांच्या खेळघरात नसून विक्रेत्यांच्या पिशवीत आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी मौजेची वाटते. इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकत हिंडणाऱ्या माणसांच्या हाती द्यावी म्हणून. अमेरिकेतील एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटारींच्या दुकानदारांसाठी अशाच छोट्या गाड्या करीत असे. पुढे १९५८ साली तिने सुट्या भागांच्या पेट्या काढल्या, त्यांची ओळखच 'एकात तीन' अशी होती. एकाच पेटीतून हवी तर कारखान्यातून बाहेर पडते तशी गाडी करा, हवी तर शर्यतीची करा, आणि हवी तर आपल्या मनासारखी नटवा. छत कापून खाली बसवा, दिवे बदला, मागचा भाग उतरता करा. त्याच देशात जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी ह्या शाखेने १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. प्रथम नेपोलियनच्या काळातील राजेशाही बग्गी बारकाव्यांसह करायला सांगत. नंतर मुले स्वतःच्या कल्पनेतील मोटारी घडवू लागली. उत्तम कारागिरांना उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मिळत. जपानच्या तामिया कंपनीची तऱ्हा निराळी. १९७६ साली बाजारात आलेल्या पोर्शेच्या मोठ्या प्रतिकृतीसाठी तिने एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आतून सारे काही पाहता यावे म्हणून ती पार सुटी केली. आम्हांला हे वेड समजू शकते.

आमची स्वतःची सुरुवात १९९५ साली पुण्यात, सेमिनरीत शिकत असताना झाली. मायदेशी परत निघालेल्या एका वृद्ध जर्मन मिशनरी फादरांनी आपली खोली रिकामी करताना पुस्तकांबरोबर एक न उघडलेली पेटी आमच्या हवाली केली. आत फोक्सवॅगन बीटल होती. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आम्ही अजून पुरते वाचलेले नाहीत. बीटल मात्र दोन महिन्यांत उभी केली. त्यापुढे पुण्याला गेलो की कोथरूडला भाऊ जोशी ह्यांनी १९९८ मध्ये उघडलेल्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात एक फेरी ठरलेली. एका माणसाच्या चिकाटीने सबंध शहर टेबलावर मांडले जाऊ शकते, हे तेथे पाहिले आणि आपण अगदीच एकटे वेडे नाही असा धीर आला.

पुढे कोल्हापुरात नेमणूक झाली आणि 'एकात तीन'मधील तिसरा पर्याय, म्हणजे मनासारखे नटवणे, आम्हांला फार मोहवू लागला. कोल्हापुरात राहून तो मोहवणार नाही तर कोठे? ह्या गावच्या रिक्षा ज्याने पाहिल्या नाहीत त्याने कोल्हापूर अर्धेच पाहिले. काचेवरची नक्षी, झुली, गोंडे, चकचकीत पट्ट्या, दिव्यांच्या माळा. एखाद्या नवरीसारखी रिक्षा सजवून तिच्या सौंदर्याच्या स्पर्धा येथे भरतात. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी जर्मन मेबॅक येते तेव्हा तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्यांत आमचाही झगा असतो. हाताने घडवण्याचे हे वेड गावाला आजचे नाही. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा येथेच जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा हवेत आम्ही दुसरी बीटल कोल्हापुरी रिक्षासारखी सजवली, रेशमी दोऱ्याचे गोंडे लावून! युवक संघाच्या कपाटात ती अजून आहे. मुलांना ती फार आवडते. आम्हांला ती आता तितकीशी आवडत नाही, त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे वडील मुंबईत टॅक्सी चालवत. मूळ गाव सावंतवाडीजवळचे. बिऱ्हाड माझगावच्या एका चाळीत. १९७९ साली त्यांनी कर्ज काढून स्वतःची प्रीमियर पद्मिनी घेतली. मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि १९७४ पासून पद्मिनी ह्या नावाने विकली जाई. आधीच्या गोलाकार फियाटला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. ही तिच्या मानाने नाकीडोळी नीटस. अंग काळे, टप पिवळा. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी आणि भाड्याचे मीटर बाहेरच्या बाजूला, डावीकडे. आरशाला जपमाळ, डॅशबोर्डवर वेलंकणी मातेची तसबीर. रात्रपाळीहून परतल्यावर वडील आधी गाडीचे चकचकीत टोप पुसत आणि मग स्वतः तोंड धूत.

शेजारच्या खोलीत आजऱ्याकडचे एक काका राहत. तेही टॅक्सीवाले, तेही पद्मिनीवाले. दोन्ही गाड्या रात्री चाळीच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या असत. नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे आणि दिवाळीच्या आमच्याकडे. त्यांच्या डॅशबोर्डवर जोतिबा. एकाची गाडी बंद पडली तर दुसरा आपली दोरी काढी.

१९८६ च्या उन्हाळ्यात आमची दहावीची परीक्षा संपली होती. वय सोळा. एका दुपारी वडील रात्रपाळी करून झोपले असताना खिळ्यावरची किल्ली घेऊन आम्ही गाडीत बसलो. एका मित्राला दाखवायचे होते, एवढेच. चार हात पुढे नेली आणि मागे घेताना नळाच्या दगडी खांबावर घातली. मागच्या डाव्या मडगार्डला तळहाताएवढा पोचा पडला. गाडी जागेवर लावली, किल्ली खिळ्याला अडकवली. तासाभराने काका भाडे सोडून आले आणि त्यांनी आपली टॅक्सी रोजच्याप्रमाणे डावीकडे उभी केली. संध्याकाळी वडील उठून खाली गेले.

दोन्ही गाड्या काळ्या. कोणाचा रंग कोणाला लागला, हे सांगणार कोण? काकांनी जोतिबाची शपथ घेतली. वडील रागाच्या भरात त्यांना चाळीसमोर 'खोटारडा' म्हणाले. आम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होतो. एक पायरी उतरायला हवी होती. आम्ही ती चढून वर गेलो.

त्यानंतर दोरी नाही, करंज्या नाहीत. काका आपली गाडी रस्त्यापलीकडे लावू लागले. वडिलांनी तो पोचा कधीच ठोकून घेतला नाही. 'जेणा केल्यान, तोच करून दीत' असे म्हणत. त्यामुळे १९९९ साली गाडी विकेपर्यंत तो पोचा आमच्या कुटुंबाच्या मालकीचा राहिला. प्रत्येक सुट्टीत घरी गेलो की आवारात शिरताच प्रथम तोच दिसे. सेमिनरीत आम्ही पापनिवेदन केले. ऐकणाऱ्या फादरांनी विचारले, "वडिलांना सांगितलेस का?" आम्ही म्हणालो, सांगतो.

वडील पुण्याला एकदा भेटायला आले तेव्हा आमच्या खोलीत बीटल नुकतीच तयार होऊन उभी होती. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. मागचे झाकण उघडून म्हणाले, "इंजिन मागे? मगे फुडे काय ठेवतत, भाजी?" मग बराच वेळ ती हातात धरून बसले आणि म्हणाले, "आमच्या गाडयेचा असा कायतरी गावता काय रे?" आम्ही म्हणालो की आमच्या तरी पाहण्यात नाही. ती आमची वेळ होती. खोलीत तिसरे कोणी नव्हते, गाडीचा विषय त्यांनीच काढला होता. आम्ही चहा आणायला गेलो. २००९ साली वडील गेले.

३० ऑक्टोबर २०२३ ह्या दिवशी मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. चाळीतल्या जुन्या मित्राचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला की ते आजऱ्याचे काका गावी असतात, ऐंशीच्या पुढे गेलेत, पण आहेत. फोन ठेवल्यावर आम्ही टेबलाचा उजवा कोपरा साफ केला.

पद्मिनीची पेटी कोठे मिळेना. म्हणजे सारे हातानेच करावे लागणार. खरी गाडी सुमारे ३.९ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.३४ मीटर. चोवीसने भागले की लांबी सव्वासोळा सेंटिमीटर, रुंदी सहाच्या किंचित वर, चाकांतील अंतर पावणेदहा. कागदावर हे सोपे दिसते. पण गाडीचे अंग गोलाईचे, आणि गोलाई कापून चिकटवता येत नाही. तिला लाकडाचा साचा हवा; त्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा ओढायचा, म्हणजे गार झाल्यावर तो आकार धरतो.

लाकडाचा साचा म्हटल्यावर कोल्हापुरात दूर जावे लागत नाही. उद्यमनगरच्या फाउंड्र्यांत लोखंड ओतण्यापूर्वी त्या वस्तूचे लाकडी पॅटर्न करतात. ते वाळूत दाबून काढले की जी पोकळी राहते तिच्यात रस ओतायचा. आमच्या धर्मग्रामात असे पॅटर्न करणारे एक मिस्त्री आहेत. सारी हयात ह्या कामात गेली. आता फाउंड्र्यांत संगणकावर चालणारी यंत्रे पॅटर्न कोरतात, मिस्त्री घरी असतात आणि कोणी काम विचारले तर आधी 'डोळे गेले आता' म्हणून मग लगेच 'ड्रॉइंग कुठं हाय?' असे विचारतात.

त्यांनी आठ दिवसांत सागवानाची पद्मिनी आणून टेबलावर ठेवली. ती पाहून आमचा श्वास अडखळला. पुढच्या दिव्यांवरून दारांकडे वाहत जाणारी रेषा तशीच्या तशी. परंतु पट्टी लावली तर लांबी जवळजवळ दोन मिलिमीटर अधिक. मिस्त्रींनी आपली पट्टी काढली आणि दोघेही चक्रावलो. त्यांच्या पट्टीवर माप बरोबर होते! उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. ओतलेले लोखंड गार होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच तेवढी लांब आखलेली असते. पट्टीच आकसण्याचा हिशेब आधी करून ठेवते, कारागिराला आठवण ठेवावी लागत नाही. चाळीस वर्षांच्या सवयीने मिस्त्रींनी तीच पट्टी लावली होती. आणि आमचे काम तर उलटे. पत्रा लाकडावरून बसणार, म्हणजे त्याची जाडी दोन्ही बाजूंना वाढणार. साचा मोठा नव्हे, उलट बारीक हवा. मिस्त्री हसून म्हणाले, "लोखंड आकसतंय आणि तुमचं प्लास्टिक वर चढतंय व्हय!" पत्र्याची जाडी आणि आकसण्याचा हिशेब मिळून लांबीत चार मिलिमीटरची चूक होत होती, खऱ्या गाडीत ती जवळपास दहा सेंटिमीटर. त्यांनी साचा परत नेला आणि दोन दिवसांत तासून आणला.

पत्रा तापवण्याचे काम आमच्या स्वयंपाकघरात झाले. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी त्या दिवशी जे शब्द उच्चारले ते येथे देत नाही. धुराचा वास भातालाही लागला होता, तेव्हा त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. लाकडी चौकटीत पत्रा ठोकायचा, शेगडीवर वरच्या वर धरायचा. तो प्रथम सुरकुततो, मग ताणतो, मग मध्ये लोंबू लागतो. त्या क्षणी साच्यावर दाबून खाली ओढायचा. क्षण चुकला की भोक. पहिले तीन पत्रे वाया गेले. चौथा उतरला.

त्यानंतरचे वर्ष लहानसहान कामांत गेले आणि तेच खरे सुखाचे. बीटलची चाके लावून पाहिली, तर मिस्त्री लांबूनच म्हणाले, "चाक मोठं दिसतंय." बीटलचे चाक पंधरा इंची, पद्मिनीचे चौदा, फरक एका मिलिमीटरचा! डोळे गेले म्हणणाऱ्या माणसाने तो पाच फुटांवरून पाहिला. मग उद्यमनगरातील त्यांच्या ओळखीच्या एका लेथवाल्याने जेवणाच्या सुट्टीत अल्युमिनियमचे चार टोप कातून दिले. पैसे घेतले नाहीत. खिडक्यांच्या कडांची चंदेरी पट्टी चॉकलेटच्या चांदीची, काचा नव्या शर्टाच्या पाकिटातील पारदर्शक प्लास्टिकच्या. वेलंकणी मातेची तसबीर एका जुन्या छापील चित्रावरून कापली, ती ज्वारीच्या दाण्याएवढी. रंगाचे मात्र जमेना. काळा रंग फार निर्दय असतो, घासण्यातील प्रत्येक आळस तो उघड करतो. पाच वेळा पातळ हात देऊन प्रत्येक वेळी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासला.

आणि पोचा राहिला होता. मिस्त्रींना म्हणालो की तो लाकडातच कोरून द्या, म्हणजे पत्र्यात आपोआप येईल. त्यांनी साफ नकार दिला. "फादर, पॅटर्न म्हंजे पॅटर्न. त्यात खोट घालायची न्हाई. खोट काय, ओतणारा आपल्या हातानं घालतोय." आम्ही त्यांना कारण सांगितले नव्हते, त्यामुळे वाद घालण्याचा अधिकारही नव्हता. शेवटी रंगाच्या आधी एका रात्री उलथण्याच्या टोकासारखी घासलेली तार मेणबत्तीवर धरून आम्हीच ते केले. खरा पोचा दहा सेंटिमीटरचा आणि दोन सेंटिमीटर खोल होता. चोवीसने भागले तर चार मिलिमीटर, आणि खोली एका मिलिमीटरलाही कमी. एवढीशी गोष्ट करताना हात इतका का थरथरावा, हे आम्हांला त्या रात्री कोणी विचारले असते तर सांगता आले असते. गोंडे लावलेली ती बीटल आम्हांला का आवडेनाशी झाली, तेही तेव्हाच कळले. ती करताना आमचा हात एकदाही थरथरला नव्हता.

गेल्या मे महिन्यात आम्ही आजऱ्याची एसटी धरली. निपाणी, उत्तूर, आजरा. हाच रस्ता पुढे आंबोली घाटातून सावंतवाडीला उतरतो, म्हणजे आमच्या वडिलांच्या गावाकडे. गाडी बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवली होती. शेजारच्या गृहस्थांनी "आत पिल्लू हाय काय?" असे विचारले. ह्या वेळी आम्ही खरे सांगितले. त्यांनी खोके उघडून पाहिले, आणि उत्तूरपर्यंत पाच-सहा जणांनी पाहिले. आमचा जीव मात्र खोक्यापाशी टांगलेला.

काका पडवीत बाजेवर बसले होते. सुनेने ओळख सांगितली तरी त्यांना आधी उमजेना. मग एकदम, "माझगावच्या डायवरचा थोरला व्हय तू? फादर झालास म्हणं." आम्ही खोके उघडून गाडी त्यांच्या हातात दिली. बोलायचे काय ते बसमध्ये पाठ केले होते, ते सगळे विसरलो. त्यांनी चष्मा मागवला. मीटर पाहिले, बोटाने चाक फिरवले, जपमाळ पाहिली. मग गाडी वळवून मागचे डावे मडगार्ड उजेडाकडे धरले.

"ह्यो हितं न्हवता," ते म्हणाले. "ह्याच्या चार बोटं खाली हुता."

तेव्हा आम्ही सांगितले. खिळा, किल्ली, नळाचा खांब, जिन्याची तिसरी पायरी. सून दारात उभी होती ती आत गेली. काका बराच वेळ गाडीकडेच पाहत होते. आम्हांला वाटले होते, ते रागावतील, किंवा 'जाऊ दे पोरा' म्हणतील. दोन्हींचीही तयारी करून गेलो होतो.

"तुझ्या बाला म्या शपथ घालून सांगितलं," ते म्हणाले. "ऐकलं न्हाई त्यानं. आता मला सांगून काय, त्यो तर गेला." थोड्या वेळाने म्हणाले, "लई चांगला डायवर. रातच्याला त्याच्यासंगट कोन बी बिनघोर बसावं."

चहा झाला. त्यांनी मुंबईच्या पेट्रोलपंपांच्या, पावसात बंद पडलेल्या गाड्यांच्या, मीटरच्या झेंड्याच्या गोष्टी सांगितल्या. वडिलांचे नाव त्यांत चार-पाच वेळा आले. एसटीची वेळ झाली तेव्हा आम्ही उठलो. गाडी त्यांच्या मांडीवरच होती. ती त्यांना देण्याचे आम्ही ठरवले नव्हते. खरे सांगायचे तर टेबलावरची तिची जागाही आम्ही आधीच योजून ठेवली होती. त्यांनी मागितली नाही आणि परतही दिली नाही. सुनेने रिकाम्या खोक्यात शेर-दीड शेर घनसाळ तांदूळ भरून दिला. एसटीत त्याचा वास दरवळत राहिला.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मिस्त्री कार्यालयात आले. टेबलाचा उजवा कोपरा रिकामा पाहून त्यांनी विचारले, गाडी कुठे गेली? आम्ही त्यांना सारे सांगितले, प्रथमपासून. ते खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी कपाटावरचे सागवानी पॅटर्न खाली उतरवले, फुंकर घालून धूळ उडवली आणि मागच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"पॅटर्न हाय तवर काय, दुसरी निघंल की," ते म्हणाले. "फकस्त ह्या वेळी पोचा घालायचा का न्हाई, तेवढं आधी सांगा."